जुन्या सीबी रेडिओचे कपॅसिटर : सगळे बदलावेत की शोधून मोजकेच?

मध्यलहरी
मंडळी, सल्ला हवा आहे. मी ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. शेजारचे आजोबा आयुष्यभर ट्रक चालवत होते. त्यांचं गॅरेज आवरायला मदत करत होतो, तेव्हा त्यांनी ट्रकमधला जुना सीबी रेडिओ माझ्या हातात ठेवला. "चालू झाला तर मला ऐकव," एवढंच म्हणाले. तो मला मनापासून चालू करायचा आहे.

ज्यांना सीबी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य माणसाला बोलण्यासाठी खुला केला, तो सिटिझन्स बँड. परीक्षा नाही, एएमवर ४ वॉट, काही मैलांपर्यंत बोलणं होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. त्या दिवसांत डिझेल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना यावरूनच सांगायचे. आधी २३ चॅनल होते, १९७७ पासून ४० झाले. हा सेट २३ वाला आहे : रिअलिस्टिक ब्रँडचा, जपानी बनावटीचा.

लक्षणं अशी. घरातल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला. दिवा लागतो, मीटरचा काटा हलतो, १९ नंबरच्या चॅनलवर आय-७० हायवेवरचे ट्रकवाले ऐकू येतात. पण मागे सतत घूंऽ असा आवाज आहे. बोलणं बारीक आणि पत्र्यासारखं येतं, दहा-पंधरा मिनिटांनी जरा सुधारतं. आणि १३ ते १६ हे चार चॅनल पूर्ण मुके आहेत, खरखरसुद्धा नाही.

जिथे वाचावं तिथे एकच उत्तर : सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून सोडणारे, आत द्रव असलेले छोटे डबे) बदला. आत पंचविसेक दिसतात. मला सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं. सगळे बदलू, की आधी शोधू?

लॅमिंग्टनरोड
सगळे बदला. डोळे मिटून. पन्नास वर्षांचा माल आहे. त्यातले दहा आज गेले असतील तर उरलेले पुढच्या दोन वर्षांत जातील. प्रत्येक वेळी पेटी उघडणार, बोर्ड उलटा करणार, स्पीकरच्या वायरी तुटणार. एकदाच बसा आणि संपवा. पंचवीस कपॅसिटरची किंमत तिकडे एका पिझ्झापेक्षा जास्त नसेल.

कोकणकडा
वाचतोय. विषय भारी.

एरियलवाला
लॅमिंग्टनराव, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण इथे मी ठाम असहमत.

मध्यलहरी, तुम्ही तीन वेगवेगळे आजार सांगितलेत आणि तिघांना एकच गोळी विचारताय. एकेक घेऊ.

घूंऽ आवाज. हा सेट गाडीचा आहे, बॅटरीवर चालायला बनवलेला. तो घरच्या अडॅप्टरवर लावून गुणगुणत असेल तर आधी संशय अडॅप्टरवर घ्या. गाडीची बॅटरी किंवा कुठलीही चांगली १२ व्होल्टची बॅटरी लावून बघा. आवाज गेला तर रेडिओतला फिल्टर कपॅसिटर (सप्लायची गुणगुण गाळणारा) निर्दोष सुटला.

बारीक आवाज. इथे मात्र कपॅसिटरच असण्याची शक्यता मोठी, कारण तापल्यावर सुधारतोय. आतलं द्रव सुकत आलं की कपॅसिटर गार असताना अगदीच निकामी असतो, थोडा तापला की जरा काम करतो.

चार मुके चॅनल. याचा कपॅसिटरशी बहुतेक काही संबंध नाही. २३ चॅनलच्या सेटमध्ये प्रत्येक चॅनलला वेगळे क्रिस्टल (ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारे तुकडे) घालत नसत. साधारण १४ क्रिस्टलमध्ये भागवायचे : सहा मुख्य, चार रिसीव्हचे, चार ट्रान्समिटचे. प्रत्येक मुख्य क्रिस्टल लागोपाठच्या चार चॅनलचा गट सांभाळतो, शेवटचा तेवढा तीनचा. १ ते ४ एक, ५ ते ८ दुसरा, ९ ते १२ तिसरा, १३ ते १६ चौथा. तुमचे नेमके १३ ते १६ मुके आहेत. म्हणजे चौथा मुख्य क्रिस्टल, त्याचा टाका, किंवा चॅनल स्विचचा तो एक काँटॅक्ट. पंचवीसच्या पंचवीस कपॅसिटर नवे घातलेत तरी हे चार चॅनल बोलणार नाहीत.

मध्यलहरी
बापरे, हे १३ ते १६ चं गणित कुठेच वाचलं नव्हतं. जरा आकड्यांत सांगाल का?

एरियलवाला
नक्की. या पद्धतीच्या पुष्कळ सेटमध्ये मुख्य क्रिस्टल ३७.६०० मेगाहर्ट्झपासून ५० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढतात. ३७.६०० मधून ट्रान्समिटचा १०.६३५ वजा केला की २६.९६५, म्हणजे चॅनल १. तुमच्या गटाचा मुख्य क्रिस्टल ३७.७५०. त्यातून १०.६३५ गेले की २७.११५, म्हणजे चॅनल १३. रिसीव्हला १०.१८० चा क्रिस्टल वापरतात. त्याचा आणि १०.६३५ चा फरक ४५५ किलोहर्ट्झ, आपल्या घरच्या ट्रान्झिस्टरचीसुद्धा हीच आयएफ, म्हणजे आतली मधली फ्रिक्वेन्सी. रेडिओ उघडलात की क्रिस्टलच्या पत्र्याच्या डब्यांवर आकडे छापलेले दिसतील, पडताळून बघा.

मुख्य क्रिस्टल गेला तर चार सलग चॅनल दोन्ही बाजूंनी मरतात. दर चौथा चॅनल मेला असता आणि तोही फक्त बोलताना, तर १०.६ च्या चारपैकी एक गेला असं समजायचं. बिघाडाची जागा चॅनलचे आकडेच सांगतात.

टपरीवाला
२३ चॅनल आणि सगळे ट्रकवाले १९ वर. आमच्या घरात एकच चॅनल आहे, त्यावर आई बोलते आणि बाकीचे ऐकतात.

अवनी_ऑस्टिन
@टपरीवाला, नको ती खरखर गप्प करणारं स्क्वेल्चचं बटण नाही का तुमच्याकडे?

मूळ प्रश्नावर : माझं कामच पॉवर सप्लायच्या विश्वासार्हतेचं आहे, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिकबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात, मध्ये द्रवात भिजलेला कागद. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच खरा इन्सुलेटर. खालच्या रबरी बुचातून ते द्रव वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. कपॅसिटी घटते आणि आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. तापमान हा मोठा शत्रू. ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअस कमी झाले की आयुष्य दुप्पट. ट्रकच्या डॅशबोर्डखाली टेक्सासच्या उन्हात हिंडलेला सेट आणि ओहायोच्या तळघरात ठेवलेला सेट, दोन्ही एकाच वर्षाचे असले तरी सारखे म्हातारे नसतात. म्हणून "पन्नास वर्षं झाली, फेका" हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि कपॅसिटर गळायला लागतो, म्हणजे करंट सोडतो. अशा सेटला एकदम पूर्ण व्होल्टेज देण्यापेक्षा करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवरून हळूहळू चढवत नेलं तर थर बऱ्याच अंशी परत बनतो. सुकलेला कपॅसिटर मात्र यानं बरा होत नाही.

लॅमिंग्टनरोड
अवनीताई, माहिती एक नंबर. पण दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं. त्याला ऑक्साइडचा थर समजावत बसलो तर संध्याकाळ होते. पुन्हा सांगतो, सुकलेला कंडेन्सर, म्हणजे तुमचा कपॅसिटर, आज मीटरवर बरा दाखवतो आणि उद्या घात करतो. साधा मल्टिमीटर फक्त मायक्रोफॅरड, म्हणजे कपॅसिटी, सांगतो, ईएसआर सांगत नाही. १०० चा १०० दाखवेल आणि सर्किटमध्ये काडीचं काम करणार नाही.

एरियलवाला
हे बरोबर आहे, म्हणूनच ईएसआर मीटर घ्यावा. नसेल तर जुनी युक्ती आहे : संशयित कपॅसिटर न काढता त्याच्यावर तेवढ्याच मूल्याचा चांगला कपॅसिटर समांतर टेकवायचा, प्लस प्लसला आणि मायनस मायनसला. आवाज खाडकन वाढला की चोर सापडला. ही युक्ती सुकलेल्यावर चालते, शॉर्ट झालेल्यावर किंवा गळणाऱ्यावर नाही.

मध्यलहरी, तुमच्या सेटबद्दल एक फायद्याची गोष्ट. या एएम सीबींमध्ये स्पीकर वाजवणारा ऑडिओ ॲम्प्लिफायरच बोलताना ट्रान्समीटरला मॉड्युलेट करतो, म्हणजे लहरींवर आवाज चढवतो. म्हणजे ऑडिओत दोष असेल तर ऐकणं आणि बोलणं दोन्ही बारीक होणार. बऱ्याच सेटना मागे पीए (माइकचा आवाज थेट भोंग्यावर देण्याची सोय) असं लिहिलेलं भोक असतं. त्यात बाहेरचा स्पीकर लावा, स्विच पीएवर टाका, माइकमध्ये बोला. हवेत काहीही न सोडता ऑडिओची सगळी साखळी तपासून होते.

माळावरचा_मर्फी
सर्वांना साताऱ्याहून नमस्कार. वय ७६. तुमचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे व्हॉल्व्हचा मर्फी होता, लाकडी पेटीचा. चालू केला की दिवे तापेपर्यंत गप्प, मग लांबून कोणी चालत यावं तसा आवाज जवळ यायचा. लायसन पोस्टात भरावं लागे. वडील सिलोन लावायचे तेव्हा गल्लीतली पोरं ओट्यावर बसायची. तो सेट पुढे मीच दुरुस्त करायला शिकलो.

त्यात मेणकागदाचे कंडेन्सर असायचे. ते सुकत नाहीत, गळतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला आधीच्या टप्प्याकडून येणारा जो कंडेन्सर असतो, तो गळला की ग्रिडवर नको ते व्होल्टेज चढतं. व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सेटमध्ये मी लॅमिंग्टनरोड यांच्या बाजूचा. मेणकागदाचे सगळे काढायचे, मीटर काय म्हणतो ते विचारायचंही नाही.

मात्र कोणी माळ्यावरून असा सेट काढला असेल तर हात जोडून सांगतो, थेट प्लगमध्ये घालू नका. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं. काही एसी-डीसी सेटची चासी थेट मेनला जोडलेली असते, नुसता पत्रा धरला तरी माणूस जातो.

कोकणकडा
काका, आमच्या राजापूरच्या घरी असाच एक आहे, बुश. मग सुरू कसा करायचा? मला खरंच करायचाय.

माळावरचा_मर्फी
बाळा, सिरीज बोर्ड करून घे. ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब मेनच्या वायरीत सिरीजमध्ये. रेडिओ चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. एलईडी बल्ब चालत नाही यासाठी. आणि पहिल्यांदा एकटा बसू नकोस, जाणकार शेजारी असू दे. तुमच्याकडे रत्नागिरीत जुने रेडिओवाले असतील अजून, विचारून बघ.

अवनी_ऑस्टिन
काकांच्या सांगण्यात महत्त्वाचा फरक आहे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये एक गळका कपॅसिटर महागड्या वस्तू जाळतो, तिथे सरसकट बदलणं शहाणपणाचं. १२ व्होल्टच्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये सुकलेला कपॅसिटर बहुतेकदा आवाज कमी करतो, एवढंच. दोन्हींना एक नियम लावू नये.

दर्यावर्दी_मालवण
मध्येच विचारतो. असा सीबी आपल्याकडे होडीवर चालेल का? आमच्याकडे व्हीएचएफ रेडिओ आहे, पण हा स्वस्त पडेल असं वाटतं.

एरियलवाला
दर्यावर्दी दादा, होडीवर व्हीएचएफच ठेवा. समुद्रात मदतीची हाक चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर ऐकली जाते. सीबीवर हाक मारलीत तर ऐकायलाच कोणी नसेल. जिवाशी संबंधित गोष्ट आहे.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा तुकडा २००५ मध्ये ५ वॉटपर्यंत लायसनमुक्त केला आहे, पण उपकरणाला मान्यता लागते. अमेरिकेतून बॅगेत घालून आणलेला सेट त्यात बसत नाही. शिवाय तिकडचे १ ते २७ चॅनल आपल्या तुकड्यात येतात आणि २८ ते ४० बाहेर पडतात. ज्यांना खरंच बोलायचंय त्यांनी हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. रिस्ट्रिक्टेड ग्रेड अजिबात अवघड नाही आणि शेजारचाच २८ मेगाहर्ट्झचा दहा मीटर बँड उघडला की अंगावर काटा येईल इतक्या लांबचे आवाज येतात.

दर्यावर्दी_मालवण
समजलं. आभारी आहे.

मध्यलहरी
अपडेट. काल गाडीची बॅटरी लावून बघितली. घूंऽ आवाज पूर्ण गेला! म्हणजे अडॅप्टरच दोषी. १३.८ व्होल्टचा नीट रेग्युलेटेड सप्लाय मागवला आहे.

बारीक आवाज मात्र तसाच. पीएवर बोलून बघितलं, तिथेही बारीक. म्हणजे एरियलवाला म्हणतात तसं ऑडिओच्या साखळीतच दोष आहे. सर्किट डायग्रामसाठी सॅम्स फोटोफॅक्टचा सीबीचा खंड मिळाला, त्यात हा सेट आहे.

झाकण उघडलं तर आत सगळं स्वच्छ, कुठे गळल्याचा डाग नाही. बोर्ड तपकिरी रंगाचा, एका बाजूलाच ट्रॅक आहेत.

लॅमिंग्टनरोड
तपकिरी म्हणजे फिनॉलिकचा बोर्ड. आता नीट ऐका, सगळे बदला किंवा दोन बदला, पण बोर्ड सांभाळा. या बोर्डाचे ट्रॅक जास्त तापले की कागदासारखे सुटतात. आयर्न तापमान ठरवता येणारं घ्या, ३५० अंशांच्या आसपास ठेवा, टोक स्वच्छ. आधी टाक्यावर थोडं नवीन सोल्डर मारा, जुनं त्यात मिसळून लवकर वितळतं, मग पंपानं ओढा किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) लावा. पाय हलत नसेल तर ओढू नका, परत तापवा. सोल्डर शिशाचंच घ्या, ६३/३७ किंवा ६०/४०. शिसं नसलेलं जास्त तापमान मागतं, या बोर्डाला ते झेपत नाही.

आणि एका वेळी एकच. जुना काढला, दिशा बघितली, नवा लावला, मग पुढचा. सगळे उपटून टेबलावर ढीग केला की कुठला कुठे, पत्ता लागत नाही. सुरुवातीला मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. नव्या कपॅसिटरचा लांब पाय प्लस, अंगावरच्या पट्टीकडचा मायनस. बोर्डावरची खूण प्लसची आहे की मायनसची ते आधी एका जुन्या कपॅसिटरवरून ताडून घ्या, कंपनीगणिक वेगळं असतं.

निळी_शाई
उलटा लावला तर काय होतं?

लॅमिंग्टनरोड
तापतो, फुगतो आणि फटकन फुटतो. मोठा असेल तर डोळ्याला धोका. पहिल्यांदा चालू करताना तोंड लांब, चष्मा डोळ्यावर.

अवनी_ऑस्टिन
सुटे भाग निवडताना : मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. सप्लायच्या लाइनवर १६ व्होल्टचा असेल तिथे २५ चा घाला. गाडीचा अल्टरनेटर चौदाच्या वर देतो, मध्येच झटकेही येतात. १०५ अंशांचे घ्या, फरक थोड्या पैशांचा असतो. नवे आकारानं लहान येतात, त्यामुळे जागेची अडचण होत नाही. जुना आडवा असेल आणि नवा उभा, तर पायांना वाकवून नळी चढवा म्हणजे शेजारच्या भागाला टेकणार नाहीत.

अधिकृत वितरकाकडूनच घ्या. ऑनलाइन स्वस्तातले नावाजलेल्या ब्रँडचे वेष्टण लावलेले नकली भरपूर आहेत.

सिरॅमिकच्या चकत्या, फिल्म आणि मायका यांना हात लावू नका. ते सुकत नाहीत. ट्यून केलेल्या भागातला एखादा बदललात आणि मूल्य जरा इकडेतिकडे झालं की अलाइनमेंट, म्हणजे फ्रिक्वेन्सीची जुळवणी, हलते. थेंबाच्या आकाराचे टँटलम दिसले तर त्यांच्याकडे लक्ष द्या, ते गेले की शॉर्ट होतात.

वारणाकाठ
कॉइलचे ते पत्र्याचे चौकोनी डबे, वर रंगीत टोपी आणि मेण असतं, ते स्क्रू फिरवून आवाज वाढतो असं एका व्हिडिओत बघितलं.

एरियलवाला
नाही, नाही आणि नाही! ते मेण कारखान्यात जागा पक्की करून टाकलेलं असतं. सिग्नल जनरेटर नसताना ते फिरवणं म्हणजे चालता रेडिओ मारणं. आतला फेराइट ठिसूळ असतो, स्क्रूड्रायव्हरनं तडकतो. आणि ट्रान्समीटरच्या बाजूचे स्लग (तेच स्क्रू) फिरवून पॉवर वाढवणं अमेरिकेत कायद्याच्याही विरुद्ध आहे. ४ वॉट म्हणजे ४ वॉट.

मध्यलहरी
समांतर टेकवायची युक्ती केली. डायग्राम समोर ठेवून ऑडिओच्या सुरुवातीपासून एकेकावर नवा कपॅसिटर टेकवत गेलो. पहिल्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ग्राउंडशी जोडणारा जो आहे, त्यावर टेकवला आणि आवाज एकदम भरला! पुढे दोन टप्प्यांमधला कपलिंगचा टेकवला तेव्हा आवाजात जाडी आली. बाकी कुठे काही फरक नाही.

ते दोन्ही बदलले. आता आय-७० वरची माणसं माणसांसारखी बोलतायत, बायकोनंही ऐकून "हा तोच रेडिओ?" विचारलं. काढलेले दोन्ही मित्राच्या ईएसआर मीटरवर तपासले, पार सुकलेले निघाले. सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर अगदी तंदुरुस्त.

एरियलवाला
वा! एमिटर बायपास (एमिटरला ग्राउंडशी जोडणारा) सुकला की ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, पडतो, कपलिंगचा सुकला की खालचे स्वर गाळले जातात. म्हणून बारीक आणि पत्र्यासारखा, दोन्ही. लक्षण आणि कारण चोख जुळलं.

लॅमिंग्टनरोड
अभिनंदन. आता उरलेलेही बदलून टाका, बोर्ड बाहेर आहे तोवर. हा नुसता हट्ट नाही. ते दोन गेले म्हणजे त्याच वयाचे, त्याच उन्हात तापलेले बाकीचे रांगेत आहेत.

अवनी_ऑस्टिन
इथे मी लॅमिंग्टनदादांच्या जवळ येते. १ ते १० मायक्रोफॅरडचे छोटे आधी सुकतात, कारण आत द्रव मुळातच थोडं. ऑडिओ आणि एजीसीमधले (जवळ-लांबचे आवाज आपोआप सारखे ठेवणाऱ्या भागातले) तेवढे छोटे बदला. मोठे तंदुरुस्त दाखवतायत तर राहू द्या. मध्यलहरी, आजोबा हा सेट रोज वापरणार का कपाटावर ठेवणार, त्यावरही अवलंबून आहे.

मध्यलहरी
रोज वापरणार. त्यांना खिडकीशी बसून १९ नंबर ऐकायचाय. तेव्हा छोटे बदलतो, एकेक करून.

१३ ते १६ अजून मुके आहेत. स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून बराच वेळ फिरवला. आधी करकर करायचा तो आता मऊ फिरतो, पण चार चॅनल तसेच. क्रिस्टल सापडला, ३७.७५० च आहे! ३७.६०० पासून सहा ओळीनं उभे आहेत, एरियलवाला यांनी लिहिलं होतं तस्सेच.

पाणकोंबडा
क्लीनर म्हणजे डब्ल्यूडी-४० का?

लॅमिंग्टनरोड
ते नको. तेलकट थर राहतो, धूळ धरतो. इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा मिळतो तो घ्या.

माळावरचा_मर्फी
क्रिस्टलला लाकडी काडीनं हळूच ढकलून बघा, रेडिओ चालू आणि चॅनल १४ वर. मधूनच जीव आला तर ड्राय सोल्डर. ट्रकमधला सेट आहे, वर्षानुवर्षं हादरे खाल्लेले. जड वस्तूचे टाके आधी तडकतात. भिंगातून बघाल तर पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसेल.

एरियलवाला
काकांना अनुमोदन. आणि टाका ठीक असला, क्रिस्टलच गेलेला असला तरी चिंता नको. ४० चॅनल आल्यावर २३ वाले सेट कवडीमोल झाले, अजूनही फ्ली मार्केटमध्ये (जुन्या मालाच्या बाजारात) बंद पडलेले स्वस्तात मिळतात. त्यातला एक सुट्या भागांसाठी घ्या. तुम्ही तर ओहायोत आहात, मे महिन्यात झिनियाला हॅमव्हेन्शन हा हौशी रेडिओवाल्यांचा मेळा भरतो, तिथला फ्ली मार्केट पाहूनच या.

मध्यलहरी
काका, साष्टांग नमस्कार! काडी लावली आणि १४ वर खरखर आली. काढली की गेली. भिंगातून बघितलं, एका पायाभोवती तुम्ही म्हणालात तशी काळी रेघ. फ्लक्स लावून टाका नव्यानं मारला. चारही चॅनल जागे झाले.

शेजारचे पाचही क्रिस्टल आणि स्पीकर-माइकच्या वायरींचे टाकेही नव्यानं मारून घेतले. माइकची तडकलेली वायर बदलली. आता ट्रान्समिट तपासायचं आहे. घराला अजून अँटेना नाही. नुसतं बटण दाबून मीटर बघू का?

एरियलवाला
अजिबात नाही! अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रोध) नसताना बटण दाबलंत तर आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो आणि त्या काळचे अस्सल आता सहजी मिळत नाहीत, नकलीच जास्त. ५० ओमचा डमी लोड घ्या, निदान १० वॉट झेपणारा. साध्या तारेच्या रोधाचा करू नका, तो आरएफला, म्हणजे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला, कॉइलसारखा वागतो. पॉवर मीटरमधून डमी लोडवर ४ वॉटच्या आसपास कॅरिअर (न बोलता जाणारी नुसती लहर) दिसला आणि शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या सीबीवर बोलणं स्वच्छ ऐकू आलं की झालं.

टपरीवाला
आणि आजोबांना पहिलं वाक्य कोण शिकवणार? टेन-फोर म्हणजे "समजलं", एवढं मला येतं.

मध्यलहरी
@टपरीवाला, तेच मला शिकवतायत. यादी भिंतीवर लावली आहे.

डमी लोडवर साडेतीन-पावणेचार वॉट मिळाले, बोलणं स्वच्छ. छोटे कपॅसिटर बदलून झाले, मोठे तसेच ठेवले. धाग्याच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं : शोधून बदलले आणि बोर्ड उघडा असताना छोटे आपणहून बदलले. सगळे आधीच उपटले असते तर क्रिस्टलच्या टाक्याकडे मी बघितलंच नसतं, माझ्याच हातून काही बिघडलं म्हणून नव्या टाक्यांत शोधत बसलो असतो.

आता अँटेना. आजोबांच्या ट्रकवरचा फायबरग्लासचा दांडा आहे, साधारण चार फुटांचा. त्यांच्या मागच्या पोर्चच्या लोखंडी कठड्यावर लावला तर चालेल का?

एरियलवाला
चालेल, पण त्याला खाली ग्राउंड लागतं. २७ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साधारण पावणेतीन मीटर. चार फुटी दांड्यात तेवढी तार गुंडाळून बसवलेली असते आणि उरलेलं अर्धं काम ट्रकचा पत्रा करत होता. कठडा लांब आणि सलग असेल तर बरं, नाहीतर दांड्याच्या बुडाशी कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शिल्डला, म्हणजे बाहेरच्या जाळीला, पावणेतीन मीटरच्या तीन-चार तारा जोडून पसरा. विजेच्या तारांपासून लांब ठेवा, वादळात केबल काढून ठेवा.

बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते ते दाखवणारा) लावून चॅनल १ आणि २३ दोन्हींवर मोजा. १ वर जास्त आला तर अँटेना आखूड आहे, २३ वर जास्त आला तर लांब. दोनच्या खाली येईपर्यंत जास्त वेळ बटण दाबून बोलू नका. आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.